वहीत काटलेली आजी

स्वतःच्या हॉलमध्ये, स्वतःच्या पायांनी चालणाऱ्या बाईला तिच्या सख्ख्या नातीने "आजी, हलू नकोस" म्हणावं, हे कुठलं वळण? आणि एकदा नव्हे, चौदा वेळा. अक्कांनी मोजलं होतं. शाळेची पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या, पण मोजण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कापडाच्या ताग्याकडे नुसतं बघून त्यातून किती झगे निघतील ते सांगत, आणि शेवटी हातात उरायची ती फक्त चिंधी.

हॉल त्यांचा होता. लांबट, दोन्ही बाजूंना पाच-पाच मशिनी, मधून चालायची वाट, टोकाला कटिंगचं टेबल आणि त्यामागे भिंतभर रिळांची मांडणी. इथे इस्पितळांचे कपडे शिवले जात. डॉक्टरांचे डगले, नर्सबायांचे गणवेश, रोग्यांचे पाठीवर नाड्या बांधायचे झगे. अक्कांनी हे सगळं एका जुन्या मशिनीपासून उभं केलं होतं आणि चाळीस वर्षं त्या मधल्या वाटेवर फेऱ्या मारल्या होत्या. चालता चालता हुकूम सोडायचे, ही त्यांची पद्धत. दहा मशिनींच्या खडखडाटात त्यांचा शब्द जिच्यासाठी असेल तिलाच जाऊन टोचायचा. "चष्मेवाले, कॉलरचं टोक बघ," हे चष्मेवालीलाच कळायचं, आणि पलीकडे काज करणाऱ्या बाईची सुईसुद्धा अडखळायची नाही. अशा बाईला हलू नकोस.

म्हणणारी होती टिटवी. लहानपणी पाळण्यातून सारखी चिरचिरायची म्हणून अक्कांनी ठेवलेलं नाव. आता ती सव्वीस वर्षांची होती, मोबाइलच्या कंपनीत इंजिनिअर होती, गळ्यात फोटोचं कार्ड घालून फिरत होती, पण घरात टिटवीच होती. तीन आठवड्यांपूर्वी तिने येऊन हॉल मागितला.

"पंधरा दिवस दे, आजी. तुमच्या जेवणाच्या सुट्टीत आणि सुट्टीच्या दिवशी. काम अडणार नाही."

"कशाला? लग्न लावायचंय कुणाचं?"

"मोजायचंय. आमची कंपनीतली खोली रिकामी आहे, भिंतींना गादी लावलेली. मला खरीखुरी खोली पाहिजे. लोखंड असलेली, सामान भरलेली."

अक्कांनी होकार दिला, कारण नकार देऊन टिटवी ऐकणारी नव्हती. तिने रिळांच्या मांडणीवर एक फळी ठोकली. फळीवर काड्यापेटीएवढ्या सोळा चकत्या, प्रत्येकीतून एक वायर. फळीला चार खिळे मारले, चारही वाकडे. मग आठ मशिनींवर एकेक पांढरी डबी ठेवली.

"तपकिरीची का गं?" खिडकीजवळ शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन जावांपैकी थोरलीने विचारलं.

"बोललेलं ऐकायची," टिटवी म्हणाली. "ह्या चकत्या बोलणार, डब्या ऐकणार."

आठवडाभराने एका संध्याकाळी चहा पिता पिता तिने अक्कांना समजावून सांगितलं, आणि अक्कांना ते पटकन समजलं याचं तिला आश्चर्य वाटलं. अक्कांना तिच्या आश्चर्याचा रागच आला.

टिटवी म्हणाली, पूर्वी टॉवरवरून एका वेळी एकालाच सांगता यायचं. आता टॉवरवर अशा पुष्कळ चकत्या असतात आणि एकाच हवेतून एकाच क्षणी अनेकांना वेगवेगळं सांगायचं असतं. मग कुठल्या चकतीने काय, किती जोरात आणि क्षणाच्या किती अंशाने मागेपुढे बोलायचं, हे बोलण्याआधीच ठरवावं लागतं. ते ठरवायच्या तीन रीती आहेत. पहिली सोपी. ज्याचं त्याला दणकून सांगायचं, शेजाऱ्याच्या कानात गेलं तर गेलं.

"म्हणजे तुझे आजोबा," अक्का म्हणाल्या.

"दुसरी शून्याची. ज्याचं त्याला सांगायचं, पण शेजाऱ्याच्या जागी नेमकं शून्य पाडायचं. चकत्यांचे आवाज असे जुळवायचे की तिथे ते एकमेकांना खोडून टाकतात. त्याला काही ऐकूच येत नाही."

"आणि तिसरी?"

"मधली. शेजाऱ्याकडे थोडं सांडू द्यायचं. किती सांडू द्यायचं ते खोलीतला गोंगाट बघून ठरवायचं. पण ती फार विचारत बसते. मला शून्याची आवडते, एकदम स्वच्छ आहे. पहिल्या आठवड्याचा अहवाल मी तसाच पाठवलाय. आमच्या मोठ्या बाई स्वतः बघायला येणार आहेत, आणि त्यांना पटलं की शहरातल्या सगळ्या नव्या टॉवरवर ती रीत जाणार. आणि माझी नोकरी पक्की."

नोकरी पक्की हे शब्द तिने असे उच्चारले, जसं कुणी ओल्या फरशीवरून चालतं. अक्कांच्या ते लक्षात आलं. ह्या घराण्यात शाळेच्या पुढे शिकलेली ही पहिली, आणि इतरांच्या पोरी पक्क्या होत असताना ही दीड वर्ष कच्चीच होती.

पण मोजणी चालू झाल्यापासून अक्कांचं चालणं बंद झालं होतं. जेवणाच्या सुट्टीत बायका मागच्या पडवीत डबे उघडून बसत. अक्कांचं जेवण पाच मिनिटांत उरकायचं, आणि त्यांना सुट्टीत हॉल बघायची सवय होती. कुणाच्या मशिनीखाली दोरे पडलेत, कुणी सुई तशीच ठेवून गेलंय. त्या वाटेवरून निघाल्या की टेबलाजवळून आवाज यायचा, "आजी, हलू नकोस." मग टिटवी संगणकाकडे बघून च्च करायची आणि वहीत काहीतरी खरडायची. तिच्या च्च करण्यात जी तुच्छता होती ती अक्कांनी ओळखली; त्यांचीच होती ती. चौदाव्या वेळी त्या स्टुलावर जाऊन बसल्या आणि देवळातल्या मूर्तीसारख्या बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी टिटवी वायर आणायला बाहेर गेली आणि वही टेबलावर उघडी राहिली. अक्का दुसऱ्याची वही वाचणाऱ्यांतल्या नव्हत्या, वाचायला येत असतं तर कदाचित झाल्या असत्या. पण एक शब्द त्यांना डोळे झाकून ओळखता यायचा. टिटवी चार वर्षांची असताना ह्याच टेबलावर, कापडावर खुणा करायच्या खडूने तिने आयुष्यातला पहिला शब्द लिहिला होता, आणि अक्कांनी आठ दिवस त्या कोपऱ्यावर कापड टाकू दिलं नव्हतं. तो शब्द वहीत होता. आजी. पानाच्या कडेला, आकड्यांच्या ओळीपुढे. खाली पुन्हा आजी. एकूण चौदा आजी, आणि चौदाच्या चौदांवर आडवी काट.

अक्कांचा पारा कुठवर चढला ते सांगायला नको. दोन दिवस त्यांनी नातीशी बोलणं सुनेमार्फत चालवलं. सून कापडाच्या कडा बांधायच्या ओव्हरलॉकच्या मशिनीवर बसे, आणि बिचारीला सासू आणि लेक यांच्यामध्ये टपाल वाहावं लागलं.

"तुझ्या लेकीला सांग, चहा निवतोय."

"अगं, आजी म्हणतात चहा निवतोय."

"मला ऐकू आलं, आई. समोरच उभी आहे मी."

"तिला सांग, ऐकू आलं असेल तर काटून टाक म्हणावं."

टिटवीने कप खाली ठेवला. "काय काटून टाकू?"

"मला," अक्का म्हणाल्या. एवढं सरळ बोलायचं त्यांच्या मनात नव्हतं. "चौदा वेळा काटलंस. पंधराव्यांदा काट. वही मोठी आहे."

टिटवीला आधी काही कळेना. मग तिने वही आणली, पान बघितलं, आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणी चोरी सापडली की व्हायच्या तशाच. "अगं, ते तुझ्याबद्दल नाही. म्हणजे तुझ्याबद्दलच आहे, पण तसं नाही. हे बघ. शून्य पाडायचं म्हणजे आवाज भिंतीवरून, मशिनीवरून कसकसे आपटून येतात ते आधी मोजावं लागतं. मोजून झालं, शून्य बसवलं, आणि तेवढ्यात तू मधून चाललीस. आवाज तुझ्यावर आपटून वेगळीकडे गेले. शून्य सरकलं. म्हणजे ती मोजणी बिघडली. म्हणून कडेला कारण लिहिलं, आजी, आणि काटून टाकलं."

"मी चालले म्हणून बिघडली."

"हो."

"आणि तुझ्या टॉवरखाली माणसं काय करतात? स्टुलावर बसतात?"

टिटवी पुन्हा वहीत बघायला लागली.

"बिघडली म्हणजे किती बिघडली?" अक्का थांबणाऱ्या नव्हत्या. "आकडा असेल ना. काटलं म्हणून आकडा दिसायचा थांबत नाही."

आकडे काटेखाली स्वच्छ दिसत होते. जिला सगळ्यांत कमी पोचतं त्या डबीला शंभरातलं किती पोचलं, असं टिटवी मोजत होती. रिकाम्या हॉलमध्ये शून्याची रीत एक्याण्णव, मधली एकोणनव्वद, दणक्याची साठ. आजी चालत असताना दणक्याची अठ्ठावन्न, शून्याची बावन्न.

"आणि मधली?"

"चौऱ्याहत्तर," टिटवी हळूच म्हणाली. तिने ते आधी वाचलं नव्हतं असं नाही. तिने ते आधी बघितलं नव्हतं.

सुनेने मशिनीवरून मान वर केली. आपल्या लेकीला हळूच बोलताना ऐकण्याचे प्रसंग तिच्या वाट्याला कमी यायचे.

"आणखी एक," अक्का म्हणाल्या. "खिडकीजवळ दोन जावा बसतात. पहिल्या दिवशी दोघींच्या मशिनीवर डब्या होत्या. आता धाकटीची डबी टेबलावर आलीय. ती कुणी हलवली? तीही मीच का?"

"मी हलवली. दोन डब्या इतक्या जवळ असल्या की एकीकडे बोलून दुसरीकडे शून्य पाडणं जमत नाही. जमतं, पण सगळी ताकद शून्य पाडण्यात जाते आणि जिला सांगायचं तिलाही पुटपुटल्यासारखं ऐकू येतं. म्हणून जरा लांब ठेवली."

अक्का हसल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा. "हे मला विचारलं असतंस तर फळी ठोकायच्या आधी सांगितलं असतं. त्या दोघी नऊ वर्षं बोलत नाहीत एकमेकींशी. पण दोघींनाही खिडकीचाच उजेड पाहिजे, म्हणून मांडीला मांडी लावून बसतात. थोरलीला म्हटलं, तुझी बाही सुंदर बसली, की धाकटीचं तोंड दिवसभर फुगायचं. म्हणून मी काय केलं? धाकटीला अजिबात ऐकू जाऊ नये असं बोलायला लागले. इतकं हळू, इतकं तोंड फिरवून, की थोरलीच म्हणायला लागली, अक्का काय म्हणालात? सहा डगल्यांना उलट्या बाजूला खिसे लागले त्या आठवड्यात."

"मग?"

"मग सोडून दिलं. नीट आवाजात बोलायचं. धाकटीच्या कानावर थोडं पडलं तर पडू दे. किती पडू द्यायचं ते तिचं तोंड बघून ठरवायचं. खिसे पुन्हा जागेवर आले. तोंड फुगायचं थोडंफार, पण तोंड फुगल्याने कुणा रोग्याचा झगा फाटत नाही."

टिटवीने वही मिटली. बोलली तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता. "मी अहवाल पाठवून बसलेय, आजी. त्यावर माझं नाव आहे. परवा मोठ्या बाई येणार. आता कसं सांगू की मी चुकीचं लिहिलं? दीड वर्षाने एक संधी आलीय."

अक्का उठल्या आणि हॉलच्या दारावरच्या फळीकडे बोट केलं. तिथे एक जुना झगा घडी करून ठेवलेला होता, सगळ्यांनी पाहिलेला, कुणी विचारलं नव्हतं. "माझं पहिलं मोठं काम. चाळीस झगे. पोचवायला गेले, आणि इस्पितळाच्या दारात बघते तर नाड्या पुढून लावलेल्या. रोग्याला निजल्या निजल्या झगा पुढून चढवायचा असतो, नाड्या मागे पाहिजेत हे मला कुठे माहीत? मी म्हणू शकले असते की असेच असतात. घेतलेही असते त्यांनी, सही झालेली होती. मी तिथेच, त्यांच्या बाकावर बसून, त्यांच्या मोठ्या नर्सबाईच्या डोळ्यांदेखत चाळीसच्या चाळीस उसवले. एकोणचाळीस पुन्हा शिवून दिले. एक ठेवला. उसवायची लाज वाटत असेल ना, तर सुई हातात धरू नकोस."

सुनेने नंतर सांगितलं की टिटवीने रात्रीचं जेवण अर्धं टाकलं. अक्कांनी विचारलं नाही. खिडकीजवळ धाकट्या जावेच्या मशिनीवर मात्र पांढरी डबी परत आलेली त्यांना दिसली.

मोठ्या बाई ठरल्या वेळी आल्या. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या, पायांत सपाट बूट. अक्कांना त्या बघताक्षणी पसंत पडल्या. बरोबर दोन इंजिनिअर होते, उंच आणि बुटका. उंचाने हॉलभर नजर फिरवली आणि दहा मशिनींवर बसलेल्या दहा बायका बघून टिटवीला म्हणाला, "यांना जरा बाहेर पाठवता का? मोजणी बिघडेल."

सगळा हॉल टिटवीकडे बघायला लागला. अक्का टेबलाजवळ उभ्या होत्या, हात कमरेच्या मागे बांधून. टिटवीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि तिने कार्डाची पट्टी मुठीत घट्ट धरली होती. आत्ता ही हो म्हणाली तर, अक्कांच्या मनात आलं, मी काही बोलणार नाही. तिची नोकरी, तिचं नाव. पण ते झग्याचं पुन्हा कधी सांगणारही नाही.

"नाही पाठवणार," टिटवी म्हणाली. "हॉल असाच असतो. मशिनी चालू करा सगळ्यांनी." मग ती अक्कांकडे वळली. "आजी, चाल."

अक्का क्षणभर जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी तो शब्द नीट ऐकू येऊ दिला. मग पदर खोचला आणि निघाल्या. दहा मशिनी सुरू झाल्या, खडखडाट छताला जाऊन भिडला, आणि त्यात त्या चाळीस वर्षांच्या चालीने वाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, चष्मेवालीला कॉलर दाखवली, सुनेला दोरा बदलायला सांगितला, परत फिरल्या. तिसऱ्या फेरीला बुटका इंजिनिअर त्यांच्या वाटेत आला. "हला बाजूला," त्या म्हणाल्या, आणि तो हलला.

संगणकाच्या पडद्यावर तिन्ही रीतींचे आकडे एकाखाली एक आले. खिडकीजवळच्या दोन डब्यांपाशी शून्याची रीत नुसती पुटपुटत होती. मोठ्या बाईंनी चष्मा वर केला. "तुमच्या अहवालात हे असं नव्हतं."

"अहवाल चुकीचा होता," टिटवी म्हणाली. "मी रिकाम्या हॉलची मोजणी ठेवली आणि माणूस चालत असतानाची काटली. दोन डब्या जवळ होत्या, त्यांतली एक मी लांब ठेवली. शून्याची रीत रिकाम्या खोलीत दोन गुणांनी पुढे आहे. माणसं आली की मधली बावीस गुणांनी. मी मधली सुचवते. हे नवीन कोष्टक, आणि ही सगळी जुनी मोजणी, काटलेल्यासकट."

उंच इंजिनिअर काहीतरी बोलणार होता. मोठ्या बाईंनी त्याच्याकडे न बघता हात वर केला. त्या बराच वेळ कोष्टक वाचत राहिल्या. मशिनी चालूच होत्या. थांबवा असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि अक्कांच्या हॉलमध्ये सांगितल्याशिवाय मशीन थांबत नाही.

"हा एक रकाना मला कळला नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "वर लिहिलंय, आजी."

चष्मेवाली फिस्सकन हसली. टिटवीने अक्कांकडे बोट केलं.

"अस्सं. पण छापताना चालती व्यक्ती असं लिहावं लागेल."

"का?" अक्का म्हणाल्या. "चालले मी. ती व्यक्ती कुठे चालली?"

मोठ्या बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी पेन काढलं, रकान्याकडे बघितलं, आणि पेन परत खिशात ठेवलं. "राहू द्या," त्या टिटवीला म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात बाजारपेठेतल्या टॉवरवर हेच करायचं. मधली रीत, गर्दीत. मोजणी तुम्ही लावायची, हे दोघं तुमच्या हाताखाली असतील. पक्कं करण्याचा कागद मी आजच पाठवते. अहवाल चुकलेले मी पुष्कळ बघितलेत. काटलेली पानं आणून देणारं फारसं कुणी बघितलेलं नाही."

त्या गेल्यावर सुनेने डोळ्यांना पदर लावला. थोरली जाऊ धाकटीला म्हणाली, "आपल्या डब्यांनी जिंकवलं बघ," आणि मग नऊ वर्षांनी आपण काय केलं ते लक्षात येऊन दोघी घाईघाईने आपापल्या शिलाईकडे वळल्या. अक्कांनी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

टिटवी फळीखाली उभी होती, वायरी गुंडाळत, आणि तिकडून चोरून बघत होती. वाट बघत होती. अक्कांनी तिला पुरतं ताटकळू दिलं. टेबलावरचा खडू उचलला, जागेवर ठेवला, कात्री सरळ केली. मग अशा आवाजात बोलल्या की दहाही मशिनींवर ऐकू गेलं, आणि ते मुद्दाम सांडू दिलेलं होतं.

"टिटवे, ऐक. मला हलू नकोस म्हणालीस तो तुझा उद्धटपणा, आणि तीन परक्यांसमोर चाल म्हणालीस ती तुझी अक्कल. दोन्ही माझ्याकडून आलंय, दुसऱ्या कुणी त्यावर हक्क सांगायचा नाही. आजोबांकडून तुझ्यात एकच गोष्ट आलीय, ती म्हणजे हे खिळे. चारही वाकडे."